टिचकी, जाळी आणि सतार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा असे पत्र आले आणि डोळ्यांसमोर आले ते चित्रकलेचे सर. मी सतार वाजवतो. माझ्या ध्वनिमुद्रणांची वेष्टने आणि मैफलींची पोस्टर्सही स्वतःच स्क्रीनवर, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापतो. हे दुसरे काम संपूर्णपणे सरांचे देणे आहे.

स्नेहसंमेलनाचे पोस्टर दोन रंगांत छापायचे होते. नवी जाळी फ्रेमवर ताणून झाल्यावर सरांनी चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी टिचकी मारली. "तुझा कान तयार आहे. आवाज सगळीकडे सारखा येतोय का, तू सांग." डावा कोपरा बद्द वाजत होता. तेवढ्यासाठी त्यांनी ती बाजू उसवून पुन्हा ताणली. ढिली जाळी स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे सरकली तरी कागदाला चिकटून राहते. कडा फासतात आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. म्हणूनच जाळी आणि कागद यांत 2–3 मिलिमीटर अंतर ठेवायचे, फ्रेमखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून.

कागदासाठी सेंटीमीटरला 77 धाग्यांची जाळी चालते. बारीक अक्षरे किंवा ठिपक्यांतले छायाचित्र असेल तर 120 ची. इमल्शन, म्हणजे उजेडाने पक्का होणारा लेप, पातळ लावून फ्रेम अंधारात आडवी, छापायची बाजू खाली करून सुकवायची. मग चित्राने झाकून उजेड द्यायचा; झाकलेला भाग धुताना उघडतो आणि तिथून शाई उतरते. ओल राहिली तर धुताना चित्राची कडच सुटून येते. उजेड जास्त झाला तर बारीक रेघा उघडतच नाहीत. त्या काळी इमल्शन उजेडाने पक्के व्हावे म्हणून त्यात डायक्रोमेट हे रसायन घालत. ते कातडीला फार वाईट, म्हणून सर स्वतः कालवत आणि आम्हाला जवळ येऊ देत नसत. मला तर नुसती जाळी धुतानाही हातमोज्यांची सक्ती होती. पाण्यात फार वेळ राहिले की बोटांचे घट्टे मऊ पडतात आणि मींड ओढताना (तार खेचून सूर सरकवताना) तार कातडी कापते. सरांनी सतार कधी हातात धरली नव्हती. तरी हे त्यांनी ओळखले होते.

छापताना स्क्वीजी साधारण 75 अंशांत धरून एका दमात ओढायची. मध्ये हात थांबला की तिथे आडवा पट्टा उमटतो. प्रत्येक ओढीनंतर शाई हलक्या हाताने जाळीवर परत पसरायची, नाहीतर वॉटर-बेस शाई छिद्रांतच वाळते. कागद ठेवणारा आणि ओढणारा यांची लय एकदा जुळली की ती मोडायची नाही. इथे विलंबिताचा रियाज कामाला येतो: हात घाई करत नाही आणि दाब शेवटच्या प्रतीपर्यंत तोच राहतो.

आता मी 12 इंची तबकडीची वेष्टने छापतो. चित्राभोवती चहूबाजूंनी 8–10 सेंटीमीटर मोकळी जाळी लागते, म्हणून फ्रेम आतून 50 सेंटीमीटरची. फिका रंग आधी, गडद नंतर, आणि गडद रंग फिक्यावर अर्धा मिलिमीटर चढवलेला. कागद आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत पसरून ठेवतो; हवेतल्या ओलीने तो फुगतो आणि दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट दिसते. हीसुद्धा सरांचीच शिकवण.

चित्रकलेच्या वर्गामागची अंधारी खोली आता राहिली नाही, असे कळले. फार वाईट वाटले. शाळा ती पुन्हा सुरू करणार असेल तर फ्रेम, जाळ्या आणि स्क्वीजी माझ्याकडून. खोली मात्र नळाला लागून हवी. एक्सपोज केलेली (उजेड दिलेली) जाळी धुण्याआधी उन्हातून न्यावी लागली, तर जो भाग उघडायचा तोच पक्का होऊन बसतो.