पाठीचा फोटो कुठाय?

“चेहरे सगळेच काढतात हो. पाठीचा फोटो कुठाय?”

लक्सरच्या हॉटेलातून मी दिवसभरात काढलेले पुतळ्यांचे दोनेकशे फोटो आमच्या वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, नोंदवणाऱ्या गटातल्या काकांना पाठवले, त्यावर रात्री त्यांचा हा निरोप आला. काका इजिप्तला कधी गेलेले नाहीत. पण सातारा-सांगलीकडे बांधावर, विहिरीच्या काठावर पडलेले वीरगळ नोंदवण्यात त्यांची वीस वर्षं गेली आहेत, आणि दगड कुठलाही असो, त्याच्या चारही बाजू पाहिल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम.

मी मात्र पर्यटकासारखा वागलो होतो. लक्सर मंदिराच्या पहिल्या चौकात प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याचे महाकाय पुतळे खांबांच्या मधे ओळीने उभे आहेत. डावा पाय पुढे, हात मांड्यांना चिकटलेले. आत पुढच्या दालनाच्या तोंडाशी दोन काळ्या ग्रॅनाइटचे बसलेले पुतळे. मी मान वर करून चेहरे टिपत सुटलो. हॉटेलात फोटोंना नावं द्यायला बसलो तेव्हा सगळे चेहरे एकसारखे वाटायला लागले. कुठला पुतळा कुठल्या खांबाजवळचा, तेही आठवेना.

एका पुतळ्याच्या पट्ट्यावर लंबगोल चौकटीतलं राजाचं नाव, म्हणजे कार्टूश, बऱ्यापैकी दिसत होतं. वर सूर्याची चकती, खाली पीस लावून बसलेली मात देवी. रामसेसच्या आधीचा राजा आमेनहोतेप तिसरा, त्याचं राज्याभिषेकाचं नाव ‘नेब-मात-रे’, आणि मूळ मंदिर बरंचसं त्याचंच. झालं, मी ठोकून दिलं: आमेनहोतेप तिसरा.

काकांनी विचारलं, “टोपली कुठाय?”

त्यांनी मी पाठवलेला चिन्हांचा तक्ता पाहिला होता, मी पाहिला नव्हता. ‘नेब’ म्हणजे टोपली. माझ्या फोटोत टोपली नव्हती. सूर्याच्या नि मातच्या जोडीला एक दांडा होता, वर कोल्ह्यासारखं डोकं असलेला. तो ‘उसर’. म्हणजे ‘उसर-मात-रे’, आणि पुढे वाकस, पाण्याची नागमोडी रेघ नि पुन्हा सूर्य, म्हणजे ‘सेतेप-एन-रे’. हा रामसेस दुसरा. सूर्य उच्चारात शेवटी येतो, पण लिहिताना मान म्हणून सगळ्यात आधी. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितो तसंच काहीसं. वाकस मी आजोळी सुताराच्या हातात पाहिलेला, त्यामुळे ते चिन्ह मात्र पुन्हा कधी विसरलो नाही. नुसतं ‘उसर-मात-रे’ पाहून थांबून मात्र चालत नाही, कारण रामसेस तिसऱ्याचं नावही तिथूनच सुरू होतं. पुढची चिन्हंही वाचावीच लागतात.

माझी चूक उजेडामुळेही झाली होती. आम्ही गेलो तेव्हा अंधार पडला होता आणि दिवे खालून वर लावलेले. दगडात कोरलेली अक्षरं खालच्या उजेडात उठावाची वाटतात. डोळ्याला प्रकाश वरून येण्याची सवय, त्यामुळे खाच आणि उंचवटा यांची अदलाबदल होते.

दुसऱ्या दिवशी सहाला दार उघडताच आत. चौकाच्या कोपऱ्यात उंचावर अबू हग्गाग मशीद आहे. ऊन तिरपं यायला लागलं आणि काल सपाट दिसलेल्या मांडीवर एकदम रेघा उठल्या. आपल्याकडे काही मंडळी अक्षरं वाचायला दगडाला पीठ चोळतात, तो प्रकार काका अगदी सहन करत नाहीत. तिरपं ऊन मिळालं की त्याची गरजच नाही.

या खेपेला काकांच्या शिस्तीने. प्रत्येक पुतळ्याला क्रमांक, चौकाच्या नकाशात त्याची जागा, मग समोर, दोन्ही बाजू, पाठ, बैठक. डावं-उजवं पुतळ्याचं धरायचं, पाहणाऱ्याचं नाही. हे मी दोनदा विसरलो आणि सहा फोटोंची नावं उलटली. पाठीमागे आधाराचा खांब असतो, त्यावर नावं उभी कोरलेली असतात. बसलेल्या पुतळ्यांच्या आसनाच्या बाजूला कमळ आणि पपायरस एकत्र बांधणारे देव, म्हणजे वरचा नि खालचा असे दोन्ही इजिप्त जोडल्याची खूण. पायाशी छोटी राणी नेफर्तारी. मोजपट्टी एवढ्या दगडापुढे हास्यास्पद दिसते, म्हणून बायकोला शेजारी उभं केलं आणि टिपणात लिहिलं, ‘उंची पाच फूट एक इंच’. तिला ते आवडलं नाही.

आणि एवढं करूनही नाव म्हणजे माणूस नव्हे. इथल्या काही उभ्या मूर्ती मूळच्या आमेनहोतेप तिसऱ्याच्या, रामसेसने नाव बदलून आपल्या केलेल्या, असं अभ्यासक मानतात. मग मी परत चेहऱ्याकडे वळलो: डोळे लांबट, किंचित तिरके आहेत का? कार्टूशच्या आतला दगड आजूबाजूपेक्षा खोल गेला आहे का, जुनं नाव घासून काढल्यासारखा? सात क्रमांकाच्या पुतळ्यापाशी अर्धा तास गेला.

बरं वाटायला एक गोष्ट होती. मार्च 2017 मध्ये कैरोच्या मातारिया भागात चिखलपाण्यातून क्वार्टझाइटचा महाकाय पुतळा तुकड्यांत निघाला. शेजारी रामसेस दुसऱ्याचं मंदिर, म्हणून पुतळाही त्याचाच असावा असं आधी जाहीर झालं. आठवड्याभरात पाठीच्या खांबावरचं नाव वाचलं गेलं, ‘नेब-आ’, आणि त्यावरून राजा बहुधा प्सामतिक पहिला निघाला. सहाशे वर्षांचा फरक! ही बातमी काकांना कळवली तर त्यांचं उत्तर, “पाठ.” एवढंच.

सात क्रमांकाची नोंद अशी केली: ‘कोरलेलं नाव – रामसेस दुसरा. मूळ कोणाचा – ?’ काकांनी पूर्ण यादी तपासून दिली. एकच शंका काढली: वहिनींची उंची चपलेसकट घेतली आहे की चपलेविना?