सहावा प्रश्न

नैराश्य किती आहे हे मोजायला हॅमिल्टन स्केल वापरतात. १९६० सालचं, नेहमीच्या वापरात प्रश्न १७, गुण ० ते ५२. चोपडा तालुक्यातल्या एका ओपीडीत आम्ही त्याच्या मराठी रूपाचीच परीक्षा घेत होतो. मी विचारायचं, पुण्याहून आलेल्या सहकाऱ्याने बाजूला बसून ऐकायचं आणि एकमेकांच्या कागदात न डोकावता दोघांनी गुण द्यायचे. योगायोगाने जुळलेलं वगळून किती जुळलं, ते कोहेनचा कॅपा सांगतो. १ आला तर तंतोतंत.

अपराधीपणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी आपटला. “अपराधी वाटतं का?” म्हटलं की माणूस सावरून बसायचा. “गुन्हा? कसाना गुन्हा?” जणू मी पंचनाम्यालाच आले होते. “मनाला काही खात राहतं का?” असं विचारल्यावर कुठे लोक बोलायला लागले.

सहावा प्रश्न मात्र आमचा लाडका. पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? गुण ०, १ किंवा २. इथे आमचे आकडे असे जुळायचे की कॅपा १ला टेकलेला. सहकारी खूश, मीही.

त्या दिवशी ओळीने चार केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना दोघांनीही २ दिले. पाचव्याला मी सहज विचारलं, “मग तीनला उठून करता काय?”

तो बघतच राहिला. “तीन वाजता लाईट येस ना, ताई.”

त्या आठवड्यात त्यांच्या फिडरला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लाईनला, रात्रीची वीज होती. माणसं पाण्याची मोटर सुरू करायला उठत होती आणि आम्ही दोघं अगदी एकमताने विजेचं वेळापत्रक मोजत होतो. दोघांचे गुण जुळतात, म्हणजे विश्वसनीयता झकास; पण जे मोजायचं तेच मोजतोय का, त्या वैधतेच्या नावाने शंख!

बाहेर चहाच्या टपरीवर एसटीची वाट बघणाऱ्या पाचही जणांना परत बोलावलं. दिवसाची लाईट असते त्या आठवड्यात कधी जाग येते? चौघे हसले. तेव्हा बायको हलवते तेव्हा उठतो, म्हणाले. एक जण कपबशीकडे बघत बोलला, “तवय बी तीनलेच.”

त्याचे २ तसेच ठेवले. तिसरा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा. सकाळी त्यावर तो नुसतं “नही” म्हणाला होता आणि आम्ही दोघं ० लिहून पुढे सरकलो होतो. तिथेही एकमत.

सहकाऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि कागद न घेता त्याच्या शेजारी बाकावर बसले.