जिन्यातले देव

परवा दुपारी एका कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर काम होतं. सांगलीतच, स्टँडपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. लिफ्ट बंद, आणि लिफ्ट बंद असल्याची पाटीसुद्धा इतकी जुनी की तिचीच अक्षरं उडालेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम लागला म्हणून पायरीवर टेकलो, घाम पुसला आणि समोर बघतो तर गणपती. त्याच्या शेजारी साईबाबा, मग येशू, मग मक्का-मदिना, मग बुद्ध, मग गुरुनानक आणि परत गणपती, टाइल्सचा एक बॉक्स संपून दुसरा फोडला असणार. सगळे एका रांगेत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि माणसाच्या गुडघ्याच्या खाली. म्हणजे एरवी वर्तमानपत्रातल्या देवाच्या फोटोला चुकून पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो, आणि इथे मात्र देव बरोबर पिंक पडते त्या उंचीवर बसवलेले.

हे काय कुणाला समजावून सांगायला नको, आपल्याकडे निम्म्या बिल्डिंगच्या जिन्यात असतात. मीही आजवर शेकडो वेळा शेजारून गेलो असेन. पण बसल्यामुळे दिसलं ते असं, की येशू आणि मक्का-मदिना यांच्या मधे साधारण एक वीतभर जागा रिकामी होती, आणि त्या वीतभर जागेत कुणीतरी गुटखा थुंकला होता. लालभडक, वरून खाली सरळ ओघळ, आणि डावीकडच्या टाइलवर एक थेंब नाही, उजवीकडच्या टाइलवर एक थेंब नाही. मी खरंच वाकून बघितलं. एवढा नेम माझा आयुष्यात कशावर बसलेला नाही.

आता मला सांगा, हा माणूस आस्तिक की नास्तिक?

नास्तिक असता तर कुठेही थुंकला असता. भिंत ती भिंत. म्हणजे आस्तिकच. पण असा आस्तिक की देव इंच-टेपने मोजून बघतो, टाइलच्या कडेपर्यंतच त्याची हद्द, पुढे महापालिकेची. मला वाटतं देव आहे का नाही यावर जे दोन-दोन तास वाद चालतात ना, त्या सगळ्यापेक्षा ही वीतभर जागा जास्त सांगून जाते. आणि टाइल्स बसवणाऱ्याचं पण बघा, बिल्डिंगचा सेक्रेटरी म्हणा किंवा जो कोण असेल तो. त्याचा देवावर विश्वास असायची काही गरजच नाही. लोकांचा आहे, एवढ्यावर त्याचा विश्वास आहे. तिथेच वर एक कॅमेरा पण होता, वायर लोंबकळत होती. कॅमेऱ्याला लाईट लागते, मेंटेनन्स लागतो. गणपतीला काय लागतंय.

हे डोळ्यांचं प्रकरण नुसतं आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात एक चहा-कॉफीची खोली होती, तिथे पैसे टाकायला एक डबा, कोणी बघणारं नाही, प्रत्येकाने आपापल्या मनाने टाकायचे. २००६ साली तिथल्या संशोधकांनी दराच्या पाटीवर एक आठवडा फुलांचं चित्र लावलं, एक आठवडा माणसाच्या डोळ्यांचं, परत फुलं, परत डोळे. डोळ्यांच्या आठवड्यात जवळजवळ तिप्पट पैसे जमले. नुसते झेरॉक्स केलेले डोळे! नंतर इतरांनी असले प्रयोग केले त्यात एवढा फरक दिसला नाही म्हणतात, त्यामुळे फार नाचायचं कारण नाही, पण मला ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकदम पटलं. कारण मी त्या डोळ्यांखालीच वाढलोय.

आजोळ सांगलीच्याच जुन्या गावभागात. आजीच्या माजघरात फळीवर बेदाण्याचा डबा असायचा, मामाची द्राक्षबाग तासगावकडे, त्यामुळे बेदाणे विकत आणायची वस्तू आहे हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. डब्याच्या बरोबर वर दत्ताचा फोटो. आजी कधी ओरडायची नाही, "घे की, पण देव बघतोय हां," एवढंच म्हणायची आणि आत जायची. आता इतर कुठला देव असता तर बाजूने जाता आलं असतं, पण दत्त! समोरच्या तोंडाला चुकवावं तर दोन्ही बाजूंना आणखी दोन. खाली चार कुत्री. मागे गाय. मी एकदा आजोबांचा पंचा फोटोवर टाकून बघितला, पण मग पंचाच्या आतून तो बघतोय असं जास्तच वाटायला लागलं, हात डब्यात आणि नजर पंचावर.

शेवटी मला वाट सापडली ती नैवेद्याची. आजी देवांपुढे ताट ठेवायची, पाणी फिरवायची आणि देवघराचं अर्धं दार ओढून घ्यायची. देव जेवताना बघायचं नाही. मग मी असा विचार केला, की आपण देवाला जेवताना बघायचं नाही तर देव पण त्या वेळी आपल्याकडे बघत नसणार, जेवणारा माणूस कशाला इकडे तिकडे बघतोय, आणि माजघरातला दत्त पण आतच जेवायला गेला असणार. त्यामुळे रोज नैवेद्याच्या वेळी मी डब्यापाशी. बरेच दिवस सुरळीत चाललं. मग एक दिवस दाराआडून आजीचा आवाज आला, "त्याचं जेवण झालं रे, आता तू पण बास कर."

तेव्हापासून माझा असा समज की देव म्हणजे भीती. नजर. बाकी सगळं वरची सजावट. कॉलेजात गेल्यावर हाच समज मी फार हुशारीने लोकांना ऐकवायचो, घरात त्याला खतपाणी घालायला अण्णा होतेच. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत विज्ञान शिकवायचे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत दुधाची पिशवी मिळेना. अण्णांनी घरातला पितळी तांब्या घेतला, ओला केला, काठोकाठ भरलेला दुधाचा चमचा त्याच्या पोटाला टेकवला, आणि तांब्या पण दूध प्यायला. खालून पातळ ओघळ येत होता तो सगळ्यांना बोट लावून दाखवला. पृष्ठताण, केशाकर्षण, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच दाखवलं वगैरे वगैरे. शेजारच्या काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग तांब्याकडे बघून हात जोडले. "कलशच तो, पिणारच की."

अण्णा यावर आयुष्यभर हसले. साताऱ्याच्या दाभोलकरांची व्याख्यानं जिथे असतील तिथे जायचे, आणि घरी येऊन सांगायचे की अरे त्यांचं भांडण देवाशी नाहीच, देवाच्या नावाने जे लुबाडतात त्यांच्याशी आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, फिरायला निघालेल्या माणसाला. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. काकूंनी विचारलं, आज कसला उपास? अण्णा काही बोलले नाहीत.

असो. भीतीचा माझा सिद्धांत पहिल्यांदा डळमळला तो मामाच्या बागेत. द्राक्षवाल्याचा देवधर्म ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना कळेल. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटी निघाल्या, फुलोरा आला, आणि नेमकं तेव्हा ढग आले की माणूस रात्री झोपत नाही. पाऊस झाला की दावण्या, घडकूज असले रोग. त्यातून वाचलं तर भुरी. तीही आटोक्यात आली, मणी भरले, व्यापारी दर सांगून गेला आणि फेब्रुवारीत गारा. मामा त्या दिवसांत बोलायचाच नाही कोणाशी, फक्त मोबाईलवर ढगांचे नकाशे आणि खिशात अंगारा. औदुंबरला वारी, वाडीला वारी, तासगावच्या गणपतीला नारळ. आणि त्याच्या बांधाला लागून उसाचं रान, तो ऊसवाला मात्र निवांत. पाऊस पडो, थंडी पडो, ऊस उभा आहे. फार तर आडवा पडेल. त्याची काळजी एकच, तोड कधी येते, आणि त्यासाठी तो देवळात नाही, कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जातो. त्याचा देव चेअरमन.

पुढे मला वाचनात आलं की मालिनोव्हस्की नावाचा एक अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात तिकडे न्यू गिनीजवळ ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता, आणि त्याने तिथल्या कोळ्यांचं हेच टिपून ठेवलंय. आतल्या शांत खाडीत, जिथे मासे हमखास मिळतात, तिथे मंत्रतंत्र काही नाही. बाहेर खोल समुद्रात जायचं असेल, जिथे मासे मिळतील का आणि आपण परत येऊ का दोन्हीची खात्री नाही, तिथे मात्र सगळे विधी साग्रसंगीत. मला एवढा आनंद झाला की मी मामाला फोन करून सांगितलं, मामा, तू खोल समुद्रातला आणि तो ऊसवाला खाडीतला. मामाने ऐकून घेतलं. म्हणाला, "ते ठीक आहे, पण त्यांच्याकडे दावण्या आहे का?"

एक मात्र आहे. इतके नवस बोलला मामा, पण नवस बोललाय म्हणून एक फवारणी चुकवली नाही कधी. ढग आले की अंगारा पण लावणार आणि रात्री दोन वाजता ब्लोअर पण काढणार. कुणी विचारलं की औषधाने वाचली का देवाने, तर म्हणणार दोघांनी. पण औषधाचं बिल आलं की शिव्या दुकानदाराला, देवाच्या नावाने कधी एक शब्द नाही. म्हणजे जिन्यातला तो नेमबाज काय आणि आमचा मामा काय, विश्वास आहे, पण किती ठेवायचा याचा अंदाज दोघांनाही पक्का. बसून पुस्तकं वाचणाऱ्यांनाच वाटतं की विश्वास असतो तरी नाहीतर नसतो तरी.

हे सगळं मी फार जुळवून आणलं होतं, नजर, भीती, अनिश्चितता, सगळं आपापल्या खणात. मग २०१९ चा ऑगस्ट आला.

सांगलीकराला फूट सांगावे लागत नाहीत पण बाहेरच्यांसाठी सांगतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. आजोळच्या घरात आता मावशी राहते, आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मावशीला आम्ही आधीच आमच्याकडे आणलं होतं, पण देव ती घेऊन आली नाही, म्हणाली माळ्याच्या खालच्या फळीवर ठेवलेत, २००५ ला पाणी तिथपर्यंत आलं नव्हतं. पाणी उतरल्यावर गेलो तर घरात घोट्याच्या वर गाळ, तो वास, फ्रीज तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकलेला, देव्हारा उपडा. मावशी पदर खोचून सरळ गाळातच बसली आणि हाताने चाचपून एकेक टाक काढायला लागली. खंडोबा, अंबाबाई, बाळकृष्ण. धुवायला पाणी कुठलं, टँकर यायचा होता, तर पिण्यासाठी आणलेल्या बाटलीतलं पाणी तिने टाकांवर ओतलं. मला तोपर्यंत सगळ्याचाच राग आलेला होता, मी म्हणालो, अगं इतकी वर्षं सगळ्या घराला सांगत आलात, देव बघतोय, देव बघतोय, मग हे होताना काय बघत होता तो?

मावशीने मान पण वर केली नाही. "तो काय बघतोय बाबा, त्याच्याच नाकातोंडात पाणी."

आता याचं काय करायचं? माझ्या कुठल्याच खणात हे बसेना. न्यूकॅसलचे डोळे बसेनात, ट्रोब्रियांडचे कोळी बसेनात. बुडालेला देव ना नजर ठेवू शकत, ना बाग वाचवू शकत. तरी ती त्याला पिण्याच्या पाण्याने धुत होती. मग मला वाडी आठवली, नरसोबाची वाडी. तिथे दर पावसाळ्यात कृष्णा देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, त्या पाण्यात आंघोळीला लोक गर्दी करतात. देव पाण्याखाली गेलाय आणि लोक म्हणतात सोहळा. लहानपणी आजीबरोबर मी स्वतः त्यात बुडी मारलीय, नाकात पाणी गेलं म्हणून रडलोय. तेव्हा देवाच्या पण गेलं असेल, असं काही डोक्यात आलं नव्हतं.

मी मावशीला आणखी काहीतरी विचारणार होतो, बहुतेक वादच घालणार होतो, तेवढ्यात पंचनाम्याला माणसं आली. फ्रीज लिहिला, गाद्या लिहिल्या, धान्य किती विचारलं. मावशी म्हणाली, देव्हारा लिहा, सागवानी आहे, वडिलांच्या वेळचा. त्या मुलाने कागद वर-खाली बघितला, मग लिहिलं, लाकडी कपाट, १.

"चालेल," मावशी म्हणाली, "कपाट तर कपाट," आणि मला म्हणाली, तू तो फ्रीज धर त्या बाजूने.