पाणी साचलं की आधी चर

पाऊस उघडला की पहिलं काम चर काढायचं. सुरुवात सगळ्यात खोलगट कोपऱ्यातून, कुदळीनं वीतभर खोल; 100 फुटांना फूटभर उतार मिळाला तरी पाणी वाहतं. मुळं बुडाली की एक-दोन दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो, म्हणून पाण्यात उभं पीकही माना टाकतं. ट्रॅक्टर तर घालूच नका. ओल्या रानात चाक फिरलं की खाली कडक थर बसतो, मग पुढचं पाणी मुरत नाही. मूठभर माती दाबून गोळा करा, अंगठ्यानं टोचा: भुगा झाला तर वापसा, म्हणजे रान कामाजोगं सुकलं; नुसता खळगा पडला तर थांबा. युरियाही वापशावरच, तोही बेताचा. पुराचं पाणी लागलेली पालेभाजी मात्र धुऊनसुद्धा खाऊ नये.