आप्पांच्या पेन्सिलची नोंद

आमच्या शाळेच्या लायब्ररीत दोन गोष्टींना बंदी होती, बॉलपेन आणि सेलोटेप. गप्पा मारल्या तरी चाले. सेलोटेप पिवळी पडते आणि निघताना कागद घेऊन निघते, म्हणून फाटकं पान लायब्ररी सांभाळणारे आप्पा खळीनं सांधत. खळीत चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. ती वाटी ते शिपायालाही धुवू देत नसत.

खरं सांगायचं तर पुस्तकं द्यायला आप्पा कंजूषच. त्यांचा जीव धुळ्याच्या कागदांत होता: लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, घरपट्टीच्या पावत्या. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. "तिथं थोरामोठ्यांची दप्तरं आहेत, आपण आपल्या गल्लीची ठेवू," म्हणत. गल्लीवरून गाडी इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं सरळ रेघेत आखलेल्या पेठेवर जाई, तिथून १८७२ च्या पांझरेच्या पुरावर, आणि तास संपे.

आठवीत असताना दिवाळीच्या आवराआवरीत आम्ही आजोबांच्या सात रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, रद्दीत घातल्या. मोडी घरात कुणालाच येत नव्हती. आलेल्या पैशांचा मुरमुऱ्यांचा भत्ता खाल्ला, हे मी लायब्ररीत बढाईनं सांगितलं. आप्पांनी चष्मा काढला, सायकल काढली, आणि मधली सुट्टी संपायच्या आत रद्दीवाल्याकडून परत आले. तीनच मिळाल्या होत्या. बाकीच्यांच्या पुड्या झाल्या होत्या.

"हाई रद्दी नही शे, भाऊ," एवढंच बोलले. एरवी शाळेत ते अहिराणी बोलत नसत.

मग एक पान उघडून मोडी वाचून दाखवलं. सरकी, ढेप, हमाली, आणि मध्येच 'पोरीचे बाळंतपणास रु. ११'. ती पोर म्हणजे माझी मोठी आत्या. आजोबा तिच्याशी कधी धड बोलल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. संध्याकाळी मी आत्याला ते सांगितलं, तर तिनं तो आकडा दोनदा विचारला.

गेल्या उन्हाळ्यात लायब्ररीत गेलो. आप्पांना निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. कपाटात लाल बासनात तिन्ही कीर्दी होत्या, सोबत कडुनिंबाचा वाळका पाला. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं होतं: 'रद्दीवाल्याकडून, किलोच्या भावानं. देणार: नातू, आठवी ब.'