रमाबाईंची पानं

"शेवटी ती सती जाते ना? मग ही प्रेमकथा कशी?" धाकटी एवढंच बोलली आणि आंघोळीला निघून गेली. तिला उत्तर नकोच होतं. मला मात्र रात्री पुढे वाचवेना.

आमचं 'स्वामी', म्हणजे माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्यावरची कादंबरी, आईच्या कपाटातलं. बांधणी सैल झालीय, थेऊरच्या पानांवर तेलकट बोटांचे डाग आहेत. म्हणजे आईही तिथेच रेंगाळायची. तिला कधी विचारलं नाही, आता कोणाला विचारणार? घरात वाचणारी मी एकटी उरले, आणि मी जे वाचते त्यावरही प्रश्न. रात्री फार लागलं ते. जाऊ दे.

पण प्रश्न खोटा नाही. १८ नोव्हेंबर १७७२. माधवराव २७ वर्षांचे, क्षयाने थेऊरला गेले. रमाबाई सती गेल्या. तरुण बाई चितेवर चढते आणि आपण डोळे पुसत 'काय प्रेम होतं!' म्हणायचं, हे मला पटतं का? अजिबात नाही. मग ही ओढ कसली?

इतिहासात माधवरावांना भरपूर पानं आहेत. राक्षसभुवन, हैदरवरच्या स्वाऱ्या, काकांशी भांडण, धोडपची लढाई. त्यांच्या अकाली जाण्याएवढा घाव पानिपतानेही घातला नाही, अशा अर्थाचं इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवलंय. रमाबाईंना एक वाक्य. सती गेल्या. १७५३ साली आठ वर्षांच्या माधवरावांशी लग्न झालं, तिथपासून त्या वाक्यापर्यंतची वर्षं कुठे गेली? नवरा कर्नाटकात, पावसाळ्यात घरी, दसऱ्याला पुन्हा स्वारी. एकत्र असे दिवस मिळाले तरी किती?

कादंबरी मला ते दिवस देते. रणजित देसाईंनी १९६२ साली ते रचले, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या पानांत रमाबाई रुसतात, वाट बघतात, बोलतात. आणि तारीख आपल्याला माहीत असते, त्यांना नसते. त्यामुळे दोघांच्या साध्या बोलण्यानेही आवंढा येतो. आजकालच्या गोष्टींत हे मला सापडत नाही. तिथे रागावलेली माणसं उद्या फोन करतील, असं वाटत राहतं.

थेऊरला गेले होते तेव्हा चिंतामणीचं दर्शन झालं, माधवरावांनी बांधलेला लाकडी सभामंडप पाहिला. गर्दी तिथूनच परत फिरते. मुळा-मुठेकाठच्या रमाबाईंच्या वृंदावनापाशी मी एकटीच. हात जोडले, पण सतीला जोडवेनात. रमेला जोडले.

तेव्हा ओढ शेवटाची नाहीच, शेवटाच्या आधीची आहे. धाकटीला चितेचा राग येतो हे चांगलंच आहे. मलाही येतो, आणि पुस्तकही आवडतं. तिला पटवायला मी जाणार नाही.

एक मात्र सकाळपासून डोक्यात घोळतंय. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई सती गेल्या नाहीत. पानिपतावरून भाऊ परत येतील म्हणून त्यांनी कुंकू पुसलं नाही, वाट बघत राहिल्या. पुढे भाऊंचा तोतया आला, सगळ्या पुण्यात खरा की खोटा चाललं, तेव्हा त्या बाईच्या मनात काय उलथापालथ झाली असेल? तीही प्रेमकथाच. तिचे दिवस असे कोणी लिहिलेले मिळाले, तर आधी मी वाचेन, मग धाकटीच्या हातात देईन.