स्टेनलेस स्टील आणि निकेल सुपरअलॉय: न वितळवता सांधताना

दोन धातू न वितळवता सांधायचे म्हटले, की चर्चा बहुधा तापमान, दाब आणि वेळ या तीन आकड्यांभोवती फिरते. ३१६एल स्टेनलेस स्टील आणि इन्कोनेल ७१८ हा निकेलचा सुपरअलॉय (उच्च तापमानालाही बळकट राहणारा मिश्रधातू) यांच्या डिफ्यूजन बाँडिंगपुरते, म्हणजे उष्णता व दाबाखाली अणूंच्या विसरणाने सांधण्यापुरते तरी मला हे अपुरे वाटते. या जोडीची कसोटी सांध्याच्या रेषेवर उरणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यात आणि नंतरच्या उष्णताप्रक्रियेत आहे.

मुळात हे दोन मिश्रधातू एकमेकांना परके नाहीत. सांधण्याच्या तापमानाला दोन्हींची स्फटिकरचना एकाच प्रकारची असते आणि लोह व निकेल परस्परांत सहज विरघळतात, त्यामुळे पोलाद थेट टायटॅनियमला जोडताना लोह-टायटॅनियमच्या ठिसूळ संयुगांचा जो थर छळतो, तो येथे मुख्य प्रश्न राहत नाही. निर्वात भट्टीत साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला, काही मेगापास्कल दाबाखाली, प्रथम पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे दबतात, मग उरलेल्या पोकळ्या अणूंच्या विसरणाने मिटत जातात.

अडचण पापुद्र्याची आहे. टायटॅनियम स्वतःचे ऑक्साइड उच्च तापमानाला पोटात विरघळवून घेते, म्हणूनच ते इतके सहज सांधले जाते. इन्कोनेल ७१८ मध्ये अ‍ॅल्युमिनियम सुमारे अर्धा टक्का आणि टायटॅनियम सुमारे एक टक्का असते. प्रमाण थोडे असले तरी त्यांची ऑक्साइडे इतकी स्थिर असतात की नुसत्या निर्वाताने ती हटत नाहीत. शिवाय पोलादातील कार्बन सुपरअलॉयमधील नायोबियम व टायटॅनियमकडे ओढला जाऊन रेषेवर कार्बाइडचे (कार्बन व धातूच्या संयुगाचे) कण तयार होऊ शकतात. असा सांधा साध्या ताणचाचणीत उत्तम ठरू शकतो आणि आघातचाचणीत मात्र रेषेवरच तुटतो, म्हणून केवळ ताणबलाच्या आकड्यावर विसंबलेला अहवाल मी जरा संशयानेच वाचतो. अल्ट्रासॉनिक तपासणीलाही नुसते टेकलेले, पण न जुळलेले भाग हमखास सापडतील असे नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे मध्ये काही दहा मायक्रॉन जाडीची शुद्ध निकेलची पत्री घालणे, किंवा सुपरअलॉयवरचे ऑक्साइड काढल्याबरोबर त्यावर निकेलचा मुलामा चढवणे. मला मुलामा अधिक पटतो, कारण पत्रीच्या बाबतीत सुपरअलॉयचा पृष्ठभाग भट्टीत जाईपर्यंत उघडाच राहतो. मात्र निकेलचा थर जाड राहिला, तर तोच सांध्याचा सर्वांत मऊ भाग ठरतो.

पुढची पायरी अधिक पेचाची आहे. सांधताना ७१८ ला बळ देणारे सूक्ष्म अवक्षेप (धातूत विलग झालेले घन कण) विरघळून जातात; ते परत मिळवण्यासाठी सुमारे ७२० आणि मग ६२० अंशांना प्रत्येकी आठ तास वयन (एजिंग, म्हणजे ठरावीक तापमानाला धरून ठेवणे) करावे लागते. नेमक्या याच पट्ट्यात स्टेनलेस स्टीलच्या कणसीमांवर (स्फटिककणांमधल्या सीमांवर) क्रोमियम कार्बाइड साचून गंजरोध घटण्याचा धोका असतो. म्हणून ०.०३ टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेले ३१६एल किंवा नायोबियमने स्थिर केलेले (कार्बन बांधून ठेवलेले) ३४७ घ्यावे; साध्या ३०४ चा हट्ट धरू नये.

त्यातच थंड होताना पोलाद सुपरअलॉयपेक्षा अधिक आकसते. खोलीच्या तापमानाजवळ ३१६एल दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १६ भाग प्रसरण पावते, तर ७१८ सुमारे १३. हाच फरक धरला, तरी १००० अंशांवरून उतरताना १०० मिलिमीटर लांबीमागे ०.३ मिलिमीटरची तफावत पडते आणि तिचा ताण सांध्याच्या कडांवर एकवटतो. हा ताण हलका करायला सावकाश थंड करणे बरे, पण तितकाच पोलादाचा त्या घातक पट्ट्यातील मुक्काम वाढतो. अशा वेळी मी भट्टीचा वेग ठरवण्याआधी आराखड्यात सांध्याची लांबी कमी करता येते का, हे पाहीन.